बाहुलीला उलटतपासणी घ्यायला लावू नका

मा. संपादक,
स. न.

मृत्यू, घरातली भांडणं, नकोसा स्पर्श अशा विषयांवर मुलांशी बोलताना बाहुल्या वापराव्यात, असं सुचवणारा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. विषयाला जागा दिलीत याबद्दल आभार. मात्र मुलाच्या पोटातलं बाहुलीकरवी काढून घ्यावं, असा जो लेखाचा रोख होता तो खटकला. मी मुलांबरोबर बाहुल्यांचं काम करते, आणि या कामाची माती होते ती बहुधा याच काढून घेण्याच्या घाईत.

हातमोज्याच्या बाहुलीत तर्जनी डोक्यात, अंगठा आणि मधलं बोट दोन हातांत. एवढ्यावर ती मान खाली घालते, तोंड लपवते, पाठ फिरवून बसते. बाहुली चालवणाऱ्यानं स्वतःची नजर तिच्यावरच ठेवली की मूलही तिच्याकडेच पाहतं. आपले ओठ हलताना त्याला स्पष्ट दिसतात, तरी ते बोलतं तिच्याशी. (मोठ्यांना याचं नवल वाटतं, मुलांना अजिबात नाही.) कुणाच्या डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, आणि बोललेलं बाहुलीच्या नावावर खपून जातं. ‘मला भीती वाटते’ हे जिभेवर येत नाही. ‘हिला ना, दार जोरात आपटलं की भीती वाटते’ हे सहज येतं. अशा वेळी ‘म्हणजे तुलाच ना?’ असं विचारलं की संपलं. मूल बाहुली खाली ठेवतं आणि पुन्हा हातात घेत नाही.

बाहुली फार शहाणी करून ठेवणं हीही नेहमीची गडबड. ती चांगला स्पर्श, वाईट स्पर्श घडाघडा सांगते, मुलं एका सुरात ‘हो’ म्हणतात, टाळ्या होतात. ते भाषणच झालं, फक्त आवाज बारीक. बाहुलीला मुलांपेक्षा थोडं कमी कळायला हवं. ‘सेसमी स्ट्रीट’ या बाहुल्यांच्या अमेरिकी बालमालिकेत दुकानदार मिस्टर हूपरची भूमिका करणारे अभिनेते वारले, तेव्हा १९८३ साली तो मृत्यू मालिकेतच दाखवला गेला. बिग बर्ड हा पक्ष्याच्या रूपातला बाहुला हूपरसाठी काढलेलं चित्र घेऊन येतो आणि ते परत आले की देईन म्हणतो. ते परत येणार नाहीत, हे मोठी माणसं त्याला सरळ शब्दांत सांगतात. झोपले, गावाला गेले, असलं काही नाही. असं का, या त्याच्या प्रश्नाला धड उत्तर कुणाकडेच नसतं, आणि तेही लपवलेलं नाही. याच मालिकेच्या दक्षिण आफ्रिकेतल्या आवृत्तीत २००२ साली ‘कामी’ नावाची बाहुली आली. पाच वर्षांची, एचआयव्हीबाधित, आई एड्सनं गेलेली. ती खेळत होती, रुसत होती, आणि मधूनच आईबद्दल बोलत होती.

आता उलट बाजू. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीत शिक्षकांवर मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले. त्या प्रकरणात १९८३-८४च्या सुमारास शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या आणि त्यांत हातातल्या बाहुल्या वापरल्या गेल्या. बाकीच्या मुलांनी सगळं सांगितलंय, तू पण हुशार आहेस ना, अशा धाटणीनं प्रश्न विचारले गेले. हव्या त्या उत्तराला शाबासकी मिळे. खटला १९९०पर्यंत चालला, एकही आरोप सिद्ध झाला नाही. मुलांच्या बाबतीत खरोखर काय घडलं, काय नाही, हे त्या मुलाखतींवरून सांगता येण्याची शक्यताच उरली नव्हती. बाहुली म्हणजे खेळ, आणि खेळात काहीही घडू शकतं, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. त्यात तीनेक वर्षांच्या मुलांना ‘ही बाहुली म्हणजे तू’ हे नीटसं उमगतही नाही, असं या विषयावरच्या प्रयोगांत दिसून आलं आहे. म्हणून काही घडल्याचा संशय असेल, तर घरच्यांनी किंवा शिक्षकांनी बाहुली हातात घालून चौकशी करूच नये. ते प्रशिक्षित माणसाचं काम, आणि तेही मोकळ्या, साध्या प्रश्नांनी करायचं.

पण संशय नसतानाही खेळता खेळता मूल एखादं वाक्य बोलून जातं. लेखात याबद्दल अवाक्षर नाही. तिथं बाहुलीनं ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देता कामा नये, कारण ते मोडावंच लागतं. चेहरा पडू न देता ऐकायचं, बाहुली हळूच बाजूला ठेवायची आणि आपल्या आवाजात म्हणायचं, ‘सांगितलंस ते बरं केलंस.’ खोदून विचारायचं नाही. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून ठेवायचं आणि योग्य जागी पोचवायचं.

योग्य जागा कोणती, कायदा काय सांगतो, शाळेची जबाबदारी कुठून सुरू होते, यावर एखाद्या जाणकाराकडून लिहून घेऊन पुढच्या पुरवणीत छापावं, ही विनंती. बाहुल्या कशा शिवाव्यात याची चौकट त्या अंकात नसली तरी चालेल. जुन्या मोज्याला दोन बटणं लावली तरी मुलांचं भागतं.

आपली,
एक वाचक