आमच्या गोठ्यातून नेलेल्या नमुन्यांचा निकाल आम्हाला कोण सांगणार?

माननीय मंत्रीमहोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या वर्षी पुण्यात भरलेल्या दूध उत्पादकांच्या मेळाव्यात आपण व्यासपीठावरून शब्द दिला होता की, दुग्धशास्त्रातले संशोधन सोप्या मराठीत, पावसाळ्यापूर्वी, प्रत्येक गावच्या दूध संकलन केंद्रापर्यंत पोहोचवले जाईल. शिरूर तालुक्यातून पहाटेच्या धारा उरकून आलेला मी तिसऱ्या रांगेत बसून ते ऐकत होतो आणि मनापासून टाळ्या वाजवत होतो. तो पावसाळा आला आणि गेला. आमच्या केंद्राच्या भिंतीवर आजही फॅट-एसएनएफचे (दुधातली स्निग्धता आणि इतर घनपदार्थ यांवरून ठरणारे) दरपत्रक आणि पशुखाद्य कंपनीचे कॅलेंडर याखेरीज काही लागलेले नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या तिसऱ्या वेताच्या संकरित गाईचे मागचे दोन सड कायमचे निकामी झाले, म्हणून आज हे पत्र लिहीत आहे. सकाळी कासेला हात लावला तेव्हा मागचा भाग दगडासारखा टणक आणि तापलेला होता. धारेतून दुधाऐवजी पिवळसर पाणी आणि दह्यासारख्या गाठी येत होत्या. आम्ही याला दगडी म्हणतो, डॉक्टर कासदाह म्हणतात. उपचार झाले, पण डॉक्टरांनी जे सांगितले ते त्या रोगापेक्षा जास्त लागले. बाहेर काही दिसण्याआधी कित्येक दिवस हा रोग कासेत दबून बसलेला असतो, दूध दिसायला पांढरेशुभ्र असते, आणि त्या काळात साध्या चाचणीने तो ओळखता येतो.

ही चाचणी १९५७ साली कॅलिफोर्नियात तयार झाली. चार खोलगट वाट्या असलेल्या पसरट भांड्यात चारही सडांचे थोडे थोडे दूध वेगवेगळे घ्यायचे, तेवढेच चाचणीचे द्रावण घालून भांडे गोल फिरवायचे. ज्या सडात रोग आहे त्याचे दूध काही क्षणांत घट्ट, चिकट होते. ते द्रावण मिळाले नाही तर कपडे धुण्याच्या पावडरीच्या तीन टक्के द्रावणानेही सुप्त रोगाचा अंदाज येतो. धुण्याची पावडर आमच्या मोरीत होती, मंत्रीमहोदय. गाईचे सड गेले ते पैशाअभावी गेले नाहीत. ती पावडर अशी वापरता येते, हे आम्हाला कोणी सांगितले नाही म्हणून गेले.

आणि हे सांगू शकणारी माणसे माझ्या गोठ्यात येऊन गेली होती. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेचे विद्यार्थी आले. मुले गुणी होती. त्यांनी प्रत्येक गाईच्या चारही सडांचे दूध वेगळ्या बाटल्यांत घेतले, त्यांवर क्रमांक घातले, गोठ्याची मापे घेतली, दीड तास प्रश्न विचारले. माझ्या पत्नीने त्यांना चहा-पोहे दिले. निकाल कळवू, असे सांगून ती गेली. परवा मी एसटीने पुण्याला जाऊन चौकशी केली, तेव्हा टेबलामागच्या गृहस्थांनी सांगितले की प्रबंध केव्हाच सादर झाला, पदवीही मिळाली, प्रबंध ग्रंथालयात आहे आणि तो इंग्रजीत आहे. माझ्या गाईंच्या दुधाचे काय निघाले, हे सांगण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही.

माझा हिशेब साधा आहे. गाय सोळा लिटरवर होती, आता सात लिटर देते. तीस रुपये दर धरला तर उरलेल्या दोनशे दिवसांत चोपन्न हजारांचे नुकसान, औषधोपचार वेगळा. आमच्या गावात तीनशेच्या आसपास दुभत्या गाई असतील. त्यांतल्या दहा-वीस जरी दर वर्षी अशा बिघडल्या, तरी एका गावाचे नुकसान कित्येक लाखांत जाते. हा माझा अंदाज आहे. तो चुकीचा असेल तर आपल्या खात्याने बरोबर आकडा जाहीर करावा.

ज्ञान नाही म्हणून हे घडत असते तर मी नशिबाला दोष दिला असता. शिवाजीनगरला १९०७ पासूनचे कृषी महाविद्यालय आहे, औंधला रोग अन्वेषणाची प्रयोगशाळा आहे, राहुरीत कृषी विद्यापीठाने फुले त्रिवेणीसारखी संकरित गाय तयार केली आहे. संशोधकांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण त्यांची बढती इंग्रजी नियतकालिकांत छापलेल्या लेखांवर मोजली जाते आणि शेतकऱ्याला सांगितलेल्या गोष्टीचे गुण कोणी देत नाही, मग त्यांनी गोठ्यात परत का यावे? २०२४ मध्ये लिटरमागे पाच रुपयांचे अनुदान हवे असेल तर गाईच्या कानात बारा अंकी बिल्ला आणि संगणकावर नोंद सक्तीची होती. आमची माहिती वर नेण्यासाठी शासनाला यंत्रणा सापडते, मोबाइल सापडतो, मुदत सापडते. तीच वाट उलटी चालवायची म्हटली की मनुष्यबळ नसते, निधी नसतो. संध्याकाळची धार काढल्यावर सडाचे तोंड काही वेळ उघडे असते, म्हणून गाईला लगेच बसू देऊ नये, गव्हाणीत चारा टाकून तिला अर्धा तास उभी ठेवावी, एवढे एक वाक्य त्या बिल्ल्यासोबत नोंदवलेल्या मोबाइलवर पाठवायला किती निधी लागतो?

गोठ्यातून नमुना नेणाऱ्या प्रत्येक संस्थेने त्या शेतकऱ्याला महिन्याभरात मराठीत, लेखी निकाल द्यावा, असा आदेश आपण काढावा. प्रबंध स्वीकारण्यापूर्वी तशी पोच जोडणे बंधनकारक करावे. मेळाव्यातल्या शब्दाचे काय झाले, हेही कळवावे.

माझ्या दावणीला आणखी चार गाई आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याही बाटल्या भरल्या होत्या, आणि त्या बाटल्यांचा निकाल मला अजूनही हवा आहे.

आपला,
एक दूध उत्पादक
शिरूर तालुका, जि. पुणे