आतल्या संगणकांनाही कुलूप हवे

मा. संपादक,

जळगाव, भुसावळ, सावदा भागातल्या डाळ मिल, जिनिंग आणि केळी व्यापाऱ्यांच्या कचेऱ्यांत मी संगणक-नेटवर्कची कामे करतो. जिथे जावे तिथे ऐकू येते, “भाऊ, फायरवॉल बसवलीय ना, मग आता कसली भीती?” ही समजूत घातक आहे.

इंटरनेटच्या दारात बसवलेली फायरवॉल, म्हणजे नको त्या जोडण्या रोखणारी यंत्रणा, बाहेरच्याला अडवते. पण बिल समजून कारकुनाने ईमेलमधली फाइल उघडली किंवा कोणी बाधित पेनड्राइव्ह लावला, की संकट थेट आत उतरते. आत भुईकाट्याचा संगणक, सीसीटीव्ही, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर, पाहुण्यांचे वायफाय, सारे एकाच जाळ्यात! मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस अशाच आतल्या जाळ्यांतून पसरला. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या त्रुटीचा फायदा घेऊन तो ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे संगणकाच्या जोडणीच्या एका दारातून, एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप शिरत होता. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसमुळे न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले.

इथल्या एका डाळ मिलमध्ये सर्व्हरची स्वतःची, विंडोजमधलीच फायरवॉल पूर्ण बंद होती. टॅली मल्टीयूजर, म्हणजे एकाच वेळी अनेकांना वापरता येईल अशी, करताना बाकीचे संगणक जोडले जाईनात, म्हणून आधीच्या माणसाने लागणारे एक पोर्ट उघडण्याऐवजी सगळीच फायरवॉल काढून टाकली. डेटाचा फोल्डर सर्वांना खुला, सगळे कर्मचारी संगणकावर पूर्ण अधिकार असलेले अ‍ॅडमिन. शिवाय सीए साहेबांना घरून हिशेब पाहता यावा म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचे, म्हणजे दुरून संगणक चालवण्याच्या सोयीचे, ३३८९ पोर्ट अख्ख्या जगाला उघडे. भुईकाट्याच्या संगणकावरून मी टॅलीचा डेटा उघडून दाखवला, तेव्हा शेठजी खुर्चीतून उठलेच.

सर्व्हरची फायरवॉल चालू केली. टॅलीचे पोर्ट फक्त हिशेबाच्या संगणकांपुरते उघडले. काटा आणि कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच जाळ्यात पाडलेल्या वेगळ्या कप्प्यात, टाकले. कर्मचाऱ्यांना साधी खाती दिली, सीए साहेबांसाठी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून येणारी खासगी सुरक्षित वाट, केले. टॅली पूर्वीसारखीच चालते. व्हीलॅनसाठी मॅनेज्ड स्विच (असे कप्पे पाडता येणारे जोडणी-यंत्र) घ्यावा लागला, तेवढाच काय तो खर्च. विंडोजची फायरवॉल तर आधीपासून संगणकातच असते. सराफ बाजारात शटर मजबूत आहे म्हणून कोणी तिजोरी उघडी टाकत नाही. एखादा थर चुकून उघडा राहिला, तरी पुढचा अडवतो.

कायद्याची बाजूही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार गंभीर सायबर घटना सहा तासांत कळवायची आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. बंद फायरवॉल कसली नोंद ठेवणार?

उद्योजक संघटनांनी एमआयडीसीत यावर प्रात्यक्षिक ठेवावे. आणि मिलमालकांना कळकळीची विनंती: नेटवर्कचे काम झाले की “फायरवॉल चालू ठेवून टॅली चालवून दाखव” असे आमच्यासारख्यांना सांगा, मगच पैसे द्या.

– एक संगणक-नेटवर्क तंत्रज्ञ, जळगाव