तुझ्या मित्राला घरचं विचारू नकोस

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रोजेक्टमधला उइगुर मुलगा, म्हणजे चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या मुसलमान समाजातला, ईदलासुद्धा घरी फोन करत नाही, घरच्यांशी बिनसलं असावं, असं तू म्हणालास. तसं धरून चालू नकोस. बहुतेक उलटंच असेल. आईवडिलांवर जीव आहे म्हणूनच तो फोन करत नसेल.

शिनजियांगमध्ये २०१७ पासून परदेशातून आलेला फोन हाच संशयाला पुरेसा झाला. त्या प्रांतातल्या काराकाश तालुक्याची एक सरकारी यादी २०२० साली बाहेर आली. उइगुरांना डांबायला चीनने छावण्या उभ्या केल्या; कोणाला छावणीत का टाकलं, ते तिच्यात माणसागणिक लिहिलेलं आहे : दाढी ठेवली, बुरखा घेतला, पासपोर्टसाठी अर्ज केला, नातेवाईक परदेशात आहेत. गुन्हा असा काही नाहीच. त्या काळात कित्येक आयांनी परदेशातल्या मुलांना स्वतःहून सांगितलं की आता फोन करू नकोस, आणि त्यांचे नंबर काढून टाकले. मी हे वाचलं आणि पुढे वाचवेना.

तिथे स्फोट झाले, दंगली झाल्या, असं तुला कोणी सांगेल. ते खरं आहे. २००९ मध्ये उरुमचीच्या दंगलीत दोनशेच्या आसपास माणसं गेली आणि २०१४ मध्ये शिनजियांगच्या बाहेर, कुनमिंग स्टेशनवर हल्लेखोरांनी सुऱ्यांनी निरपराध प्रवासी मारले. पण त्यासाठी दहा लाखांच्या वर माणसं, म्हातारीकोतारी आणि प्राध्यापकसुद्धा, खटल्याशिवाय डांबायची? चीन त्याला व्यवसाय प्रशिक्षण म्हणत राहिला आणि २०१९ च्या शेवटी सगळे शिकून बाहेर पडले असं त्याने जाहीरही केलं. कित्येक जण तिथून थेट तुरुंगात गेले, लांब लांब शिक्षा घेऊन.

मला सगळ्यात लागतं ते इल्हाम तोहती यांचं. ते बीजिंगच्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायचे. उइगुर आणि चीनमधले बहुसंख्य हान लोक यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून त्यांनी चिनी भाषेत संकेतस्थळ चालवलं. वेगळा देश त्यांनी कधी मागितला नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत ते मुलीला घेऊन अमेरिकेला निघाले होते. विमानतळावर पोलिसांनी त्यांना अडवलं आणि अठरा वर्षांची मुलगी एकटी विमानात बसली. पुढच्या वर्षी त्यांना जन्मठेप झाली. २०१९ मध्ये युरोपीय संसदेने त्यांना मानवी हक्कांसाठीचा साखारोव पुरस्कार दिला, तो घ्यायला तीच मुलगी उभी राहिली. तुला सोडायला आम्ही मुंबईला आलो होतो तेव्हा मला सारखी ती आठवत होती. तुझ्या बाबांना मी हे बोलले नाही.

आपल्या देशाबद्दलही सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये अहवाल दिला, की तिथे घडलं ते मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात. ऑक्टोबरमध्ये मानवाधिकार परिषदेत त्यावर नुसती चर्चा करायची का, एवढंच मत घ्यायचं होतं. सतरा बाजूने, एकोणीस विरुद्ध. पाकिस्तान विरुद्ध गेला. अकरा देश तटस्थ राहिले, त्यांत भारत होता. सीमेवर चीनशी झगडणाऱ्या आपल्या देशाला चर्चेसाठी हात वर करता आला नाही, याचा मला राग आहे.

आता तुझ्यापुरतं. त्याला घरचं काही विचारू नकोस. सांगावंसं वाटलं तर तो सांगेल, तेव्हा ऐक. त्याला न विचारता ग्रुपचे फोटो कुठेही टाकू नकोस. वर्गात कोणी चीनवर वाद घातला तर ‘तूच सांग ना’ म्हणून त्याला पुढे करू नकोस. ‘सुट्टीत घरी जाऊन ये’ असं चुकूनही म्हणू नकोस. परदेशातल्या कित्येक उइगुरांचे पासपोर्ट दूतावास नवे करून देत नाहीत, परत या म्हणतात, आणि परतलेल्यांचं काय झालं ते त्याला ठाऊक असणार. त्याच्या पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात त्याच्यासोबत जा. जर्मनीत म्युनिकमध्ये जागतिक उइगुर काँग्रेस या परदेशातल्या उइगुरांच्या संघटनेचं मुख्यालय आहे. तिथे जायचं की नाही ते त्याचं त्याला ठरवू दे, तू सुचवू नकोस.

पुढच्या ईदला त्याला जेवायला बोलाव. मटण हलाल दुकानातूनच आण. माझ्या पद्धतीने करायचं असेल तर आदल्या रात्री फोन कर, कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचं प्रमाण सांगते. आपला व्हिडिओ कॉल चालू असला आणि तो शेजारी असला, तर कॅमेरा त्याच्याकडे वळवू नकोस. माझा नमस्कार तोंडी सांग.

तुझी,
आई