कापणी प्रयोगाचे शेत कुणाच्या सांगण्यावरून बदलू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पीक कापणी प्रयोगासाठी, म्हणजे शेतातला ठरावीक तुकडा कापून उत्पादन मोजण्यासाठी, आलेल्या पथकाला गावकऱ्यांनी अडवले आणि ‘जिथे नुकसान झाले त्याच शेतात प्रयोग घ्या’ असा आग्रह धरला, ही बातमी आपल्या अंकात वाचली. बातमीचा सूर गावकऱ्यांच्या बाजूचा होता. मीही त्यांच्याच बाजूचा आहे. शेंगा भरलेले सोयाबीन पाण्यात उभे राहून काळे पडताना ज्याने पाहिले, त्याला त्या संतापाचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. पण ही मागणी मान्य होत गेली, तर सर्वाधिक फटका याच गावांना बसेल. कृषी खात्यात असताना कापणी प्रयोग घेण्यात आणि इतरांचे प्रयोग तपासण्यात माझी अनेक वर्षे गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हा विषय आजच इतका नाजूक का झाला ते पाहू. राज्यात २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा सुरू झाला आणि २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला. आता शेतकरी खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकाला ५ टक्के हप्ता भरतो. त्याच वेळी स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचे नुकसान वगैरेंसाठी स्वतंत्रपणे मिळणारी भरपाईही थांबली आणि भार मुख्यतः कापणी प्रयोगावर आला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. माझ्या शेतात पाणी साचले एवढे आता पुरत नाही. आपल्या महसूल मंडळाचे सरासरी उत्पादन किती निघते, यावरच सगळे ठरते. ते काढण्यात मोठा वाटा मंडळातल्या मोजक्या तुकड्यांचा. एका पिकासाठी मंडळात किमान १० प्रयोग, असा नियम आहे. हजारो एकरांचे भवितव्य दहा तुकडे ठरवणार असतील, तर ते कसे निवडले याला जिवाचे मोल आहे.

पद्धत अशी आहे. आधी मंडळातली गावे, मग गावातला गट क्रमांक आणि शेवटी शेतातला तुकडा. तिन्ही पायऱ्यांवर निवड यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारख्या आलेल्या, अंकांनी करायची. गावातल्या सर्वात मोठ्या गट क्रमांकापेक्षा अंक मोठा आला, तर भागून बाकी घ्यायची. त्या गटात ते पीक नसेल तर पुढचा गट. शेतात पोहोचल्यावर नैऋत्य कोपऱ्यात उभे राहायचे, लांबी-रुंदी पावलांनी मोजायची, पुन्हा दोन अंक काढायचे, तितकी पावले लांबीच्या दिशेने आणि तितकी रुंदीच्या दिशेने चालायचे. जिथे पाय थांबेल तिथे पहिली खुंटी. तिथे तण माजलेले असो, खळगा असो, नाहीतर पीक कमरेएवढे असो, दोरी तिथेच ताणायची. शेत नाकारण्याची कारणे मोजकीच आहेत: पीक आधीच काढून नेले, शेत तुकड्यापेक्षा लहान आहे, पीक चाऱ्यासाठी किंवा प्रात्यक्षिकासाठी घेतले आहे. पीक फार वाईट आहे किंवा फार चांगले आहे, हे कारण त्यात नाही आणि नसावे.

आता हिशेब मांडतो. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. गेल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढून तिचे ७० टक्के धरले की उंबरठा उत्पादन मिळते; मंडळाची सरासरी त्याखाली गेली तरच भरपाई. समजा सोयाबीनचे ते हेक्टरी १,००० किलो आहे आणि विमा रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये. दहा तुकड्यांची सरासरी ८०० किलो आली. म्हणजे तूट २० टक्के आणि भरपाई हेक्टरी १०,००० रुपये. या दहांत नदीकाठची दोन बुडीत शेते होती, तिथे हेक्टरी १०० किलोच निघाले. आता कुणी पथकाला म्हणाले की ही शेते काही मंडळाचे खरे चित्र दाखवत नाहीत, आणि त्यांच्या जागी माळावरची ११०० किलोची दोन शेते घेतली. सरासरी थेट १,००० वर जाते. तूट शून्य, भरपाई शून्य. दोन खुंट्या हलल्या आणि अख्ख्या मंडळाच्या हाती काही लागले नाही.

शेत बदलण्याचा पायंडा एकदा पडला की तो फक्त शेतकऱ्याच्या सोयीने वापरला जाईल, असे कुणी समजू नये. प्रयोगाच्या जागी सरपंच, पोलीस पाटील असतात, तसा विमा कंपनीचा प्रतिनिधीही असतो. आज गावकऱ्यांनी बुडालेले शेत घ्यायला लावले, तर उद्या तो उभे शेत घ्यायला लावेल, आणि मग त्याला नाही म्हणायला आपल्याकडे तोंड उरणार नाही. ‘अंकात आले तेच शेत’ हा एकच नियम गरीब शेतकऱ्याला कंपनीच्या बरोबरीने उभे करतो. शिवाय उत्पादन मुद्दाम कमी दाखवत गेले, तर तेच आकडे पुढे सात वर्षांच्या हिशेबात येतात आणि उंबरठाच खाली ओढतात. दोन वाईट वर्षे गाळली जातात हे खरे, पण तिसरे वर्ष गाळले जात नाही.

काही मंडळी म्हणतात, अंक कशाला, अनुभवी माणसाला ‘मध्यम’ शेत नजरेने ओळखता येते. या देशात पूर्वी तेच चालत असे. पिकाचा अंदाज आणेवारीने, म्हणजे नजरेने बांधायचा. आपल्याकडे पैसेवारीची पहिली पायरी आजही नजर पाहणीचीच आहे, आणि पन्नास पैशांच्या वर की खाली यावरून दरवर्षी किती वाद होतात ते वाचकांना माहीत आहे. माणसाची नजर प्रामाणिक असली तरी झुकते. फ्रँक येट्स या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने लोकांना दगडांच्या समूहातून सगळ्या समूहाचे प्रतिनिधित्व करतील असे दगड निवडायला सांगितले. बहुतेकांची निवड मोठ्या दगडांकडे झुकली. त्यात कुणाचा स्वार्थ नव्हता. मग जिथे विम्याचे पैसे अडकले आहेत, तिथे नजरेवर किती विसंबायचे?

नजरेऐवजी यादृच्छिक तुकडे कापून तोलण्याची सुरुवात आपल्या देशात १९२३ च्या सुमारास बिहार-ओरिसात भाताच्या पिकावर झाली. हबॅक नावाच्या अधिकाऱ्याने ती केली. पुढे कोलकात्यात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी बंगालच्या तागावर मोठी नमुना सर्वेक्षणे केली. पण कापणी प्रयोगाला आजचे रूप देण्यात मोठा वाटा सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा आहे. महालनोबिस फार लहान तुकडे कापत. त्यात वेळ आणि पैसा वाचे. सुखात्म्यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले की तुकडा फार लहान असला तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त येते. कारण साधे आहे. कडेवरची रोपे आत धरायची की बाहेर, या शंकेत कापणाऱ्याचा हात ती आत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितकी कड मोठी. या दोन दिग्गजांचा वाद बराच गाजला, पण शेत अंकांनी निवडायचे याबद्दल दोघांचे दुमत नव्हते. या मातीतल्या माणसाने जगाला शिकवलेली गोष्ट आपल्याच गावात दोरी ओढून मोडली जाते, याचे मला फार वाईट वाटते.

याचा अर्थ आजची पद्धत निर्दोष आहे असा नाही. गावकऱ्यांच्या रागात जे खरे आहे, ते दहा या आकड्यात आहे. मंडळातल्या शेताशेतांच्या उत्पादनात साधारण ४०० किलोचे प्रमाण विचलन (सरासरीपासून शेते साधारण किती दूर असतात ते माप) असेल, तर दहा प्रयोगांच्या सरासरीत सव्वाशे किलोचा फरक नुसत्या योगायोगाने पडू शकतो. त्यातही एका गावात दोन-दोन प्रयोग घेतले, तर शेजारशेजारची शेते एकाच पावसात भिजलेली असल्याने दहा प्रयोगांतून मिळणारी माहिती दहांइतकी नसते. चाळीस प्रयोग, आणि तेही जास्त गावांत पसरलेले, असा आग्रह धरला तर तो सव्वाशेचा फरक निम्म्यावर येईल. हा फरक दोन्ही बाजूंना पडतो आणि किती पडू शकतो हे आधी सांगता येते. मुद्दाम निवडलेल्या शेतांमुळे येणारी चूक मात्र एकाच बाजूला झुकते, आणि अशी शेते दहाची शंभर केली तरी ती तशीच राहते. पथक अडवायचेच असेल तर प्रयोगांची संख्या वाढवण्यासाठी अडवा, मी स्वतः येऊन बसेन.

गाव हाच विम्याचा घटक करा, ही मागणीही जोरात आहे. भावना योग्य आहे, कारण ढग मंडळाच्या हद्दी पाहून बरसत नाही. पण गावपातळीवर मुख्य पिकाचे किमान चारच प्रयोग ठरलेले आहेत, आणि चार तुकड्यांच्या सरासरीत वरच्याच हिशेबाने २०० किलोचा फरक सहज पडेल. प्रयोग न वाढवता घटक लहान केला, तर गावागावांत निव्वळ दैवाने भरपाई मिळेल किंवा हुकेल. मला व्यवहार्य वाटतो तो मार्ग असा: मंडळातले चिबड (पाणी धरून राहणारी जमीन) आणि नदीकाठ, मध्यम जमीन, हलका माळ असे थर पाडायचे, प्रत्येक थरात क्षेत्राच्या प्रमाणात प्रयोग द्यायचे आणि थराच्या आत शेत मात्र अंकांनीच काढायचे. आता उपग्रहाच्या छायाचित्रांवरून असे थर पाडणे सोपे झाले आहे. मग बुडालेली जमीन नमुन्यात येईल की नाही, ही धाकधूक कुणाला राहणार नाही.

आणखी एक गळती फारशी कुणी बोलत नाही. जेएस ९३०५ सारखे लवकर येणारे सोयाबीन नव्वद-पंचाण्णव दिवसांत काढणीला येते, फुले संगमला त्याहून आठ-दहा दिवस जास्त लागतात. मजूर मिळाले, मळणी यंत्र दारात आले, की शेतकरी थांबत नाही, थांबूही नये. पथक उशिरा पोहोचले की निवडलेले शेत रिकामे, मग पुढचा गट. असे होत होत नमुन्यात उशिराच्या वाणांचीच शेते उरतात. ऐन काढणीच्या पावसात ज्याचे लवकरचे सोयाबीन गेले, त्याचे नुकसान मोजणीतच येत नाही. यात लबाडी कुणाची नाही. कृषी सहायकाकडे गावे अनेक आणि दिवस थोडे. पण यावर उपाय आहे: निवडलेल्या शेतकऱ्याला पेरणीनंतर लगेच लेखी कळवा आणि काढणीची तारीख त्याच्याशी बोलून ठरवा. रस्त्याकडेचे शेत उरकून घेण्याचा मोहही त्यामुळे कमी होईल. गाडी पोहोचते त्या शेताला खत-पाणीही वेळेवर पोहोचलेले असते, आणि तिथले उत्पादन मंडळापेक्षा जास्त येते.

गावाचा अविश्वास दूर करायचा तर निवड उघड्यावर व्हायला हवी. ग्रामसभेत अंक काढा. निवडलेले गट क्रमांक पीक फुलोऱ्यात असतानाच चावडीवर लावा. एखादा गट बदलला तर कारणासह तेही लिहा. कापणीच्या दिवशी तुकड्याचे वजन शेतातच मोठ्याने वाचा, शेतकऱ्याची सही घ्या आणि त्याच संध्याकाळी तो आकडा त्याच फलकावर येऊ द्या. अ‍ॅपवर फोटो आणि ठिकाण नोंदवले जाते, पण ते गावाला दिसत नाही.

आपल्याला एक विनंती आहे. जिल्ह्याच्या पानावर आपण बाजार समितीचे भाव छापता. काढणीच्या पंधरवड्यात त्याच्या शेजारी मंडळनिहाय निवडलेले गट क्रमांक, बदललेले गट आणि तुकड्यांची वजने छापावीत. तालुका वार्ताहरांनी कृषी कार्यालयातून यादी मागितली आणि ती कशी वाचायची असा प्रश्न पडला, तर समजावून सांगायला मी आनंदाने बसेन.

आपला,
एक निवृत्त कृषी पर्यवेक्षक
ता. औसा, जि. लातूर