रोह्याला सांभाळणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात गावी आले तेव्हा तुम्ही पलंगाखालची टिनाची पेटी ओढली, त्यातून युरियाची रिकामी पिशवी काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि चहा सांगायला आत गेलात. वर कडुलिंबाचा वाळका पाला, खाली माझी चौदा चित्रं. मला काही बोलताच आलं नाही. चहा प्याले, चपला घातल्या, निघाले. काकूंना वाटलं असेल, पोरगी शिष्ट झाली. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

बाकीच्यांसाठी सांगते. कारंजा तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत काका शिपाई होते. शाळेमागेच त्यांचं तीन एकर वावर. शाळेच्या नोटीस बोर्डावर मी दर मोसमाला एक चित्र लावायचे, आणि त्याचा हिरो होता ‘रोह्या’. रोही म्हणजे पुस्तकातली नीलगाय. आमच्याकडे त्या जनावराचं नाव कोणी कौतुकानं घेत नाही. रात्रीतून हरभऱ्याची अर्धी ओळ साफ करून जातं. मला मात्र त्यात कार्टून दिसलं. बापाच्या शिव्या खाल्ल्या, पण काढत राहिले.

पहिलं चित्र 1997 च्या हिवाळ्यातलं, खाली ‘जि. अकोला’. (वाशिम जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला, पुढची चित्रं ‘जि. वाशिम’ची.) त्यातला रोह्या चक्क घोडा आहे, तोही निळाशार, कारण पुस्तकात ‘नील’ लिहिलं होतं. ते बोर्डाला टोचता टोचता तुम्ही म्हणालात, “माय, हा कोणाच्या वरातीतला घोडा व्हय?” संध्याकाळी मला आणि भावाला धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर नेलंत. राखणीच्या माळ्याखाली गुपचूप बसवलंत. अंधार पडता पडता कळप आला, आणि तुम्ही कानात सांगत गेलात: पुढचे पाय उंच, पाठ मागं उतरती, गळ्याखाली केसांचा झुपका, शिंगं फक्त नराला, तीही वीतभर, मादी मातकट, नर राखेत शाई सांडल्यासारखा. इतकं सांगून झालं, मग उठून डबा वाजवलात. तोवर त्यांनी किती हरभरा खाल्ला, हे मी तेव्हा मोजलं नाही. आता मोजते.

पुढं कळलं की पल्लास नावाच्या शास्त्रज्ञानं 1766 मध्ये या जनावराचं नाव ठेवताना ‘बोकड-उंट’ अशा अर्थाचा शब्द वापरला. नंतर पुढं जोडलेल्या शब्दात बैल आणि हरीणही आले. चार जनावरं एका नावात, माझा घोडा तेवढा राहिला!

त्या संध्याकाळनंतरचं प्रत्येक चित्र बरं आहे. होळीच्या चित्रातला केशरी रंग पळसाची फुलं उकळून केलेला, तो आता फिकट पिवळा झालाय. पावसाळ्यात रोह्या शकुंतलेबरोबर, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या आगगाडीबरोबर धावतोय, आणि अर्थात पुढं आहे. उन्हाळ्यातल्या चित्राची शेपटी उंदरानं खाल्ली. सगळ्यांत आवडतं पोळ्याचं. बैलांच्या रांगेत झूल पांघरून, शिंगांना बेगड लावून रोह्या तोरणाखाली उभा, आणि खाली माझी झडती, म्हणजे पोळ्याला तोरणाखाली म्हणतात तसलं कवन:

चना खाल्ला, तूर खाल्ली, खाल्ला पऱ्हाटीचा पाला,
जागलकऱ्याले झोप लागली, रोह्या पोयात आला!
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

तो रात्रीची राखण करणारा जागलकरी तुम्हीच होतात. परवा पाहिलं, चौदापैकी अकरा चित्रांत मागं कुठंतरी बोटाएवढा माळा आहे आणि त्यावर बॅटरी घेतलेला माणूस. एका चित्रात तर घोरतोय. तुम्ही हे तेव्हाच ओळखलं असणार. बोललात कधीच नाही.

जुन्या खोल्या पाडताना कपाटातलं सगळं रद्दीत गेलं, हे मला माहीत होतं. माझी चित्रंही गेली, असं धरून चालले होते. त्या ढिगातून तुम्ही ती एकेक शोधून काढलीत. ज्या जनावरापायी थंडीच्या किती रात्री तुम्ही माळ्यावर काढल्या, त्याचीच चित्रं दर पावसाळ्याआधी उन्हात घालून, पाला बदलून परत पेटीत ठेवलीत. काकूंनी हे मला दारात सांगितलं, तुम्ही नाही.

काका, फार फार आभार. यंदाच्या हिवाळ्याचं पंधरावं चित्र सोबत पाठवतेय. निघताना तुम्ही घातलेली अट पाळली आहे: “काढ माय, पण या बारीले त्याले धुऱ्याच्या बाहेर काढजो. आत हरभरा पेरला हाय.”

तुमची,
नोटीस बोर्डवाली