कडकनाथच्या पिल्लांतील ‘खात्रीशीर माद्या’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सातपुड्याच्या दोन्ही अंगांना कडकनाथ ही काळ्या मांसाची कोंबडी पाळण्याची हौस गेल्या काही वर्षांत चांगलीच वाढली आहे. पलीकडच्या, मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून नंदुरबार, धुळे आणि जळगाव या तिन्ही जिल्ह्यांत या कोंबडीच्या पिल्लांना गिऱ्हाईक कमी नाही. या मागणीबरोबर एक नवा प्रकारही आला आहे. एक दिवसाची पिल्ले ‘शंभर टक्के माद्या, खात्रीशीर’ असे सांगून, साध्या पिल्लांपेक्षा चढ्या भावाने विकली जातात. आठवडे बाजारात हे तोंडी सांगितले जाते, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून येते आणि वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींतही छापून येते. अस्सल कडकनाथच्या पिल्लांबाबत बाजारातला विक्रेता अशी हमी देऊ शकत नाही, हे घेणाऱ्यांच्या ध्यानात यावे म्हणून हा पत्रप्रपंच.

कोंबड्यांमध्ये पिल्लाचे लिंग मादीकडून ठरते आणि अंडे घातले जाण्यापूर्वीच ते ठरून गेलेले असते. त्यामुळे टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो ही समजूत किंवा दोऱ्याला सुई बांधून पिल्लावर झुलवण्याची परीक्षा यांत काडीचाही अर्थ नाही. शंभर पिल्लांत निम्म्याच्या आसपास नर निघणार, हेच धरून चालावे लागते.

पहिल्या दिवशी नर-मादी ओळखण्याच्या खऱ्या पद्धतीही आहेत, नाही असे नाही. परंतु त्या कोणत्या पिल्लांना लागू पडतात हे विक्रेते सांगत नाहीत. तपकिरी अंडी देणाऱ्या व्यापारी संकरित कोंबड्यांत नर पिल्लू पांढरट आणि मादी पिल्लू तांबूस निघते, कारण आईबापांची निवडच तशी केलेली असते. पंखावरून ओळखण्याची पद्धतही अशीच आहे. लवकर पिसे येणारा नर आणि उशिरा पिसे येणारी मादी यांचा संकर मुद्दाम घडवला, तर मादी पिल्लांच्या पंखाची मुख्य पिसे वरच्या झाकणपिसांपेक्षा स्पष्टपणे लांब दिसतात आणि नरांची तशी दिसत नाहीत. मोबाईलवर पिल्लाचा पंख ताणून दाखवणाऱ्या ज्या चित्रफिती फिरतात, त्या अशा संकरित जातींच्या असतील तर खोट्या नव्हेत. पण कडकनाथमध्ये अशी जोडणी केलेली नसते आणि त्याच्या पिल्लांची निळसर-काळी लव दोघांचीही सारखीच असते. तिसरी पद्धत गुदद्वार हलकेच उघडून आतील बारीकसा उंचवटा पाहण्याची. ती जपानमध्ये विकसित झाली आणि मोठ्या उबवणी केंद्रांत प्रशिक्षित माणसे ती वापरतात. बाजारात टोपली घेऊन बसलेल्या माणसाने ती करू जाणे म्हणजे पिल्लाच्या जिवाशी खेळ आहे.

कडकनाथचे नर-मादी ओळखायचे तर थांबावे लागते. गावठी कोंबड्यांत पाचव्या-सहाव्या आठवड्यात नराचा तुरा लाल होऊ लागतो आणि काम सोपे होते. कडकनाथचा तुराच काळपट जांभळा असल्यामुळे रंगावर विसंबता येत नाही. तेथे एकाच दिवशी निघालेली पिल्ले शेजारी धरून तुऱ्याची उंची, गळ्याखालची लोळी आणि पायाची जाडी ताडून पाहावी लागते. आठव्या ते दहाव्या आठवड्यात पाठीवर, शेपटीच्या अलीकडे फुटणारी नवी पिसे बोटांत पसरून उजेडाकडे धरावीत. टोकाशी निमुळती, अरुंद आणि चकचकीत असतील तर तो नर, आणि टोक गोलसर असेल तर ती तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण मादी. सोनेरी किंवा रेघांच्या प्रकारात नराच्या मानेवरचा रंगही मदतीला येतो, पण पूर्ण काळ्या प्रकारात पिसाचा आकार हाच भरवशाचा.

शासनाच्या योजनेत एक दिवसाच्या शंभर पिल्लांचा गट जसा मिळतो, तसा आठ ते दहा आठवडे वयाच्या २५ तलंगा आणि ३ नर असाही गट मिळतो. ज्यांना अंड्यांसाठीच पक्षी पाळायचे आहेत त्यांनी, कोणत्याही जातीचे असोत, याच वयाचे पक्षी घ्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे. भाव जास्त पडतो, पण जे घेतो ते डोळ्यांनी दिसते. कडकनाथची कोंबडी वर्षाला ८० ते १०० च्या आसपासच अंडी देते, तेव्हा शंभरातले निम्मे नर अंड्यांच्या हिशेबात धरून बसणाऱ्याचे गणित पहिल्याच वर्षी कोलमडते. (ही अंडी काळी नसतात, फिकट तपकिरी असतात, ‘काळी अंडी’ म्हणून कोणी काही विकत असेल तर तो आणखी वेगळा प्रकार.)

ज्यांनी एक दिवसाची पिल्ले घेतलीच आहेत, त्यांना ती त्या वयापर्यंत जगवायची आहेत. पहिल्या आठवड्यात ऊब सुमारे ३५ अंश सेल्सिअस लागते आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी ती कमी करत न्यायची असते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बाहेरचेच तापमान चाळिशीच्या वर असताना पिल्लांवर दिवसभर बल्ब जळत ठेवलेला दिसतो, आणि जानेवारीच्या पहाटे तोच बल्ब वीज गेल्यामुळे विझलेला असतो. थर्मामीटर नसला तरी पिल्लेच सांगतात: बल्बखाली एकावर एक चढली तर त्यांना थंडी वाजते आहे, कडेला जाऊन चोच उघडी ठेवून धापा टाकू लागली तर उष्मा होतो आहे. मॅरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी दिलेली असावी लागते. त्यानंतर पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडी (राणीखेत) रोगावरच्या लासोटा लशीचा थेंब, दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस गंबोरो रोगाची लस आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास मानमोडीचीच टोचून द्यायची लस, एवढे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर झालेच पाहिजे.

माझी मागणी मोठी नाही. पिल्ले विकणाऱ्याने पावतीवर उबवणी केंद्राचे नाव, पिल्ले निघाल्याची तारीख, दिलेली लस आणि ‘नर-मादी न निवडलेली’ हा शेरा लिहून द्यावा, आणि पशुसंवर्धन विभागाने आठवडे बाजारात तशी पावती तपासावी. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरने २००६ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये बर्ड फ्लू पाहिलेला आहे. पिल्ले कोठून आली हे कागदावर असणे एवढ्याचसाठीही गरजेचे आहे. आपणांसही विनंती आहे की, कडकनाथच्या एक दिवसाच्या पिल्लांची ‘खात्रीशीर माद्या’ अशी जाहिरात आली, तर ही निवड कोणत्या पद्धतीने केली हे जाहिरातदाराकडून लेखी घेतल्याशिवाय ती छापू नये.

आपला नम्र,
एक कुक्कुटपालक,
ता. चोपडा, जि. जळगाव