तुझ्या रिपोर्टवरचे दोन आकडे

प्रिय मंदा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. लिव्हरच्या फायब्रोस्कॅन तपासणीतले ३१२ आणि ९.६ हे आकडे, आणि खाली एवढंच, "माझं लिव्हर गेलं का गं?"

नाही गेलं. आधी ते दोन आकडे वेगवेगळे वाच. ३१२ हा चरबीचा. चरबी साठलेल्या लिव्हरमध्ये ध्वनिलहरी लवकर विरतात, त्या किती विरल्या ते त्यातून कळतं. चरबी बरीच आहे, खरंय. पण ती उतरते. मला जास्त काळजी असते ती फायब्रोसिसची, म्हणजे सततच्या सुजेमुळे लिव्हरमध्ये साचत जाणाऱ्या व्रणांच्या धाग्यांची. साध्या सोनोग्राफीत ते सुरुवातीला दिसत नाहीत. (रिपोर्टवर एमएएसएलडी लिहिलंय म्हणून घाबरू नकोस. २०२३ साली नाव बदललं, दुखणं तेच फॅटी लिव्हरचं.)

९.६ किलोपास्कल हा कडकपणा. फासळ्यांच्या मधे प्रोब टेकवल्यावर टिचकीसारखा धक्का बसत होता ना, त्याने आत एक लहर उठते. मऊ लिव्हरमधून ती सावकाश जाते, कडक लिव्हरमधून झपाट्याने. अल्ट्रासाउंड तिचा वेग पकडतं. वेग दुप्पट झाला तर कडकपणा चौपट निघतो. असं निदान १० वेळा मोजून मधला आकडा घेतात. बायोप्सीच्या सुईत येतो तो लिव्हरचा जेमतेम ५०,०००वा भाग. इथे न टोचता त्याच्या शंभरएक पट भाग तपासला जातो. रोज हे काम करूनही मला याचं अप्रूप वाटतं.

पण कडकपणा म्हणजे व्रणच, असं नाही. जेवल्यावर लिव्हरकडे रक्त जास्त जातं आणि आकडा चढतो. सूज खूप असली, पित्त अडलं किंवा हृदय थकून लिव्हरमध्ये रक्त तुंबलं, तरी चढतो. आणि तू नाश्ता करून तासाभरात तपासणीला गेलीस! किमान तीन तास उपाशी राहायचं, हे तुला कुणीच सांगितलं नाही, याचा मला खरंच राग आला.

८ च्या खाली आकडा असेल तर मोठा फायब्रोसिस बहुधा नसतो. १२ च्या वर गेला तर शक्यता बरीच. तू अधेमधे आहेस, म्हणून एवढ्या एका आकड्यावर मी काहीच ठरवणार नाही. रिपोर्टवर आयक्यूआर, म्हणजे मोजण्या एकमेकींपासून किती विखुरल्या ते सांगणारा आकडा, लिहिलेला असेल, तो मधल्या आकड्याच्या ३० टक्क्यांच्या आत आहे का ते बघ. त्याहून जास्त असेल तर मोजणीच डळमळीत. रक्ततपासणीतले लिव्हरचे आकडे एसजीओटी आणि एसजीपीटी, शिवाय प्लेटलेट कळव. त्यात तुझं वय धरून मी फिब-४, म्हणजे फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा, काढते.

वजनाचं मात्र आजपासूनच मनावर घे. ७८ किलोतले आठेक किलो सावकाश उतरले, तर नुसती चरबीच नाही, व्रणही मागे हटू शकतात. हे मी तुला धीर द्यायला म्हणत नाही, तसं खरंच होतं.

मंगळवारी सकाळी काही न खाता माझ्याकडे ये. प्रोब मीच धरीन.

तुझीच,
शैला